चौथा आकडा

दुपारचे साडेतीन. ओउलूत अंधार केव्हाच पडला.
सायकलींच्या सीटवर बर्फाच्या टोप्या.
सकाळचीच कॉफी दुसऱ्यांदा तापवते
आणि रामिरोचा पॅच उघडते.

रामिरो एचेवेरी, मोंतेविदेओ, वय सव्वीस.
त्याच्याकडे आता उन्हाळा लागेल.
अडीच हजार ओळी पाठवल्यात पोरानं
आणि वर एकच वाक्य:
जागा निम्मी लागेल, वेळ त्याहून कमी.

खोटं नाही बोलत.
बर्फमापन केंद्राचा तक्ता घातला मी त्याच्या पोटात,
चाळीस वर्षं, दिवसाला चोवीस नोंदी,
जूनपासून सप्टेंबरपर्यंत शून्य, शून्य, शून्य.
मूळ अठ्ठावीस एमबी.
जुन्या घडीत अकरा. याच्या घडीत चार.

दाबणं म्हणजे तरी काय,
आई उधारीच्या वहीत लिहायची तेच:
दूध दोन लिटर.
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
मागे जा सतरा घरं, नऊ अक्षरं उचल, पुढे चल.

पण फोटोंचा तक्ता दिला तर फाईल वाढली.
पिळलेला टॉवेल पुन्हा पिळलास, मी लिहिलं,
हात दुखले, थेंब निघाला नाही.
त्यानं रातोरात दुरुस्ती पाठवली,
फायदा नसेल तर आहे तसं ठेव.
(त्याची रात्र. माझी पहाट.)

मग अडलं ते दोन बिटांवर.
प्रत्येक लांब नोंदीच्या कपाळावर दोन बिट,
घडी कुणी घातली त्याची खूण.
दोन बिटांत आकडे मावतात चार.
पाचवा मावत नाही, कितीही विनवण्या करा.
शून्य वोइत्तोचा.
एक त्या वेगवान पद्धतीचा, जिच्यापायी
आम्ही वर्षभर भांडलो आणि दोघं प्रकल्प सोडून गेले.
दोन रामिरोला दिला.
तर म्हणतो, तीनही द्या,
शब्दकोश घेऊन येणारं धाकटं भावंड आहे.

नाही, लिहिलं.
खोडलं. नुसतं नाही लागतं माणसाला.
मग लिहिलं: तीन म्हणजे पुढच्या पानावर पाहा.
तुझ्यानंतर जी कुणी येईल,
आत्ता कदाचित बुटाचे बंद बांधायला शिकत असेल,
तिनं दार कुठून काढायचं?

दोन दिवस उत्तर नाही.
तिसऱ्या दिवशी: बरं.
आणि बरंच खाली, एकटी ओळ:
चार महिन्यांचं काम होतं.
मला ठाऊक होतं. वाचलं होतं मी ते. चांगलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी वोइत्तोकडे गेले.
बावीस वर्षांपूर्वी, बाळाला उजव्या हातात धरून,
स्वयंपाकघराच्या टेबलावर डाव्या हातानं
त्यानं शून्य लिहिला होता.
आता तलावावर भोक पाडून बसतो,
मासा लागला तर लागला.
म्हटलं, नव्या नोंदी आता दुसऱ्या घडीत जातील.
त्यानं दोरी जरा वर घेतली, खाली सोडली.
जुन्या उघडतील?
उघडतील. तुझं घालणं काढलं, उलगडणं ठेवलंय.
कुठवर?
केमीच्या इस्पितळात एक सर्व्हर आहे, मी म्हटलं,
त्यात तुझ्याच घड्या आहेत अजून. तो असेतो.
बरं वाटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना.
मासा लागला, बोटाएवढा. सोडून दिला.

सोमवारी पॅच आत घेतला.
वोइत्तोच्या फाईलीत, चारशे बाराव्या ओळीवर,
टिपणीतला एक शब्द चुकलेला आहे, पहिल्या दिवसापासून.
रामिरोनं जाता जाता तो सुधारला होता.
तेवढा एक बदल मी मागे घेतला.
का म्हणून विचारलं असतं तर
काय सांगणार होते, माहीत नाही.
त्यानं विचारलं नाही.